स्टोमा असताना हर्नियाचा पट्टा त्रास न होता कसा वापरावा?

आपण केज तालुक्यातून सासऱ्यांसाठी लिहिले आहे. त्यांच्या गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली, पोटाच्या डाव्या बाजूला स्टोमा, म्हणजे शौचासाठी पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, आणि त्यावर कायमची शौचाची पिशवी आली आणि गेल्या पावसाळ्यापासून स्टोमाभोवतीचा भाग उभे राहिले की नारळाएवढा फुगतो. सर्जनांनी तूर्त शस्त्रक्रिया नको, पट्टा वापरा असे सांगितले. पट्टा आणला, पण तो बांधला की दुपारपर्यंत पिशवी कातडीला धरणाऱ्या चिकट प्लेटच्या कडेने गळती सुरू होते, खाली बसले की पट्टा गोळा होऊन वर सरकतो आणि घामाने कातडी लाल होते. त्यामुळे त्यांनी तो खुंटीला अडकवून ठेवला आहे. सोयाबीनच्या काढणीला त्यांना शेतात जायचे आहे, म्हणून पट्टा सुसह्य कसा करावा, असा आपला प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगरात स्टोमा असलेल्या रुग्णांची शुश्रूषा आणि त्यांच्या पिशव्या-पट्ट्यांची मापे घेण्याचे काम मी बरीच वर्षे करते. त्या अनुभवावरून सांगते, की आपण लिहिलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते: पट्टा पोट फुगलेले असताना, उभ्याने बांधला जातो आणि तो सैल वाटला की आणखी आवळला जातो.

हा फुगवटा का येतो, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे. आतडे बाहेर काढण्यासाठी पोटाच्या स्नायूंच्या थरातून वाट करावी लागते. ती वाट कायम राहते आणि खोकला, कुंथणे, ओझे उचलणे किंवा वाढलेले वजन यांमुळे पोटातला दाब वाढला की हळूहळू रुंदावते. मग आतड्याचा एखादा वेढा किंवा पोटातली चरबी स्टोमाच्या शेजारून कातडीखाली येऊन बसते. हाच स्टोमाजवळचा हर्निया. कायमच्या कोलोस्टोमीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टोमात, हे इतके सर्रास आढळते, की त्यात आपल्या सासऱ्यांचे किंवा घरच्यांचे काही चुकले असे मानण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेने दुरुस्ती करता येते. 1985 मध्ये शुगरबेकर या अमेरिकी सर्जनांनी पोटाच्या आतल्या बाजूने जाळी बसवण्याची पद्धत मांडली आणि तिचे सुधारित रूप आजही वापरले जाते. परंतु दुरुस्तीनंतरही हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण कमी नाही, म्हणून दुखत नसलेला आणि आडवे झाल्यावर आत जाणारा हर्निया असेल तर अनेक सर्जन थांबणे पसंत करतात. सासऱ्यांना मिळालेला सल्ला त्याला धरूनच आहे. पट्ट्याने हर्निया बरा होत नाही, स्नायूंतली वाट बुजत नाही. तो फुगवट्याला बाहेरून आधार देतो, पोट खाली ओढल्यासारखे वाटणे कमी करतो आणि काम करताना आतला दाब एकाच जागी येऊ देत नाही. एवढीच अपेक्षा ठेवली तर पट्टा करकचून बांधण्याचा मोह होत नाही.

आता आणलेला पट्टा मुळात कोणता आहे, ते पाहावे. सर्जिकल दुकानात 'हर्नियाचा बेल्ट' मागितला की बहुतेक वेळा जांघेच्या किंवा बेंबीच्या हर्नियाचा पट्टा हाती दिला जातो. त्यात फुगवटा दाबण्यासाठी कठीण गादी असते आणि ती स्टोमावर किंवा त्याच्या शेजारी दाब देते. असा पट्टा सासऱ्यांनी वापरू नये. बाळंतपणानंतरचा किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा रुंद पट्टा घेऊन त्याला घरी कात्रीने भोक पाडणारेही पुष्कळ भेटतात. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, इलॅस्टिकचा ताण त्याच जागी संपतो आणि नेमका आधार हवा तिथेच तो मिळत नाही. तिसरा घोटाळा पिशवीच्या कड्यांना अडकवण्याच्या अरुंद पट्टीचा असतो. ती केवळ प्लेट कातडीला धरून ठेवण्यासाठी असते, हर्नियाला तिचा काही आधार होत नाही. आपल्याला हवा तो स्टोमासाठी बनवलेला, रुंद, इलॅस्टिकचा, वेल्क्रोने बंद होणारा आणि कड शिवून पक्के केलेले गोल भोक असलेला पट्टा. बिनभोकाचे, पिशवीवरूनच घालायचे मऊ पट्टेही मिळतात. पातळ शौच होणाऱ्यांना किंवा फुगवटा लहान असणाऱ्यांना ते चालतात. पण सासऱ्यांसारखा मोठा फुगवटा आणि घट्ट शौच असेल, तर पिशवी पट्ट्याखाली चेपली जाऊन मल वरच्या बाजूलाच अडकतो, म्हणून मी भोकाचाच पट्टा सुचवीन.

मापात तीन गोष्टी पाहायच्या असतात. पहिले माप घेराचे. ते कमरेवर, धोतर-पायजमा बांधतो त्या रेषेवर घेऊ नये, स्टोमाच्या पातळीवर पोटाभोवती टेप फिरवून घ्यावे. काही कंपन्या उभ्याने आणि काही आडवे होऊन माप घ्यायला सांगतात, त्या पट्ट्यासोबतच्या सूचनेप्रमाणे करावे. दुसरे माप रुंदीचे. पट्ट्याने फुगवट्याची वरची आणि खालची कड झाकली पाहिजे. साधारण 15 ते 23 सेंटीमीटर रुंदीचे पट्टे मिळतात आणि जास्त रुंद म्हणजे जास्त चांगला, असा समज होतो. पण ठेंगण्या बांध्याच्या माणसाला फार रुंद पट्टा दिला, तर बसल्यावर त्याची वरची कड बरगडीला आणि खालची कड मांडीला लागते आणि मधला भाग गोळा होतो. सासऱ्यांचा पट्टा वर सरकतो याचे हे एक संभाव्य कारण आहे. त्यांना खुर्चीवर बसवून बरगडीच्या शेवटच्या हाडापासून मांडीच्या घडीपर्यंतचे अंतर टेपने मोजा. पट्टा त्याहून रुंद असेल तर बसताना तो गोळा होणारच.

तिसरे माप भोकाचे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. भोक स्टोमाच्या आकारावर ठरत नाही, पिशवीच्या कड्यावर ठरते. दोन भागांची पिशवी असेल तर प्लेटवरचे प्लॅस्टिकचे कडे 45, 57, 70 मिलिमीटर अशा मापांत येते आणि ते माप पिशवीच्या खोक्यावर छापलेले असते. पट्ट्याचे भोक त्या कड्यापेक्षा किंचित मोठे असावे, म्हणजे कडे भोकातून सहज बाहेर येते आणि भोवतीची चिकट प्लेट पट्ट्याच्या कडेखाली धरली जाते. भोक लहान असेल तर त्याची कड कड्यावर चढते, प्लेट एका बाजूने उचलली जाते आणि दुपारपर्यंत गळती होते. आपण लिहिलेली गळती जवळजवळ अशीच आहे. भोक फार मोठे असेल तर उलटा त्रास होतो, फुगवटा त्याच भोकातून पुढे डोकावतो आणि पट्ट्याचा ताण त्याच्या बुडाशी येतो. पट्टा काढल्यावर स्टोमाभोवती वर्तुळाकार लाल वळ दिसतो का, ते पाहा. वळ प्लेटच्या कड्याला लागून असेल तर भोक लहान आहे. प्लेटच्या बाहेर फुगवट्यावर असेल तर भोक मोठे आहे.

गळतीचे दुसरे कारण पट्ट्यात नसून प्लेटमध्ये असू शकते. हर्निया झाल्यावर स्टोमाचा आकार बदलतो, गोल होता तो लांबट होतो, पसरतो. पण घरात दोन वर्षांपूर्वीच्या कागदी नमुन्यावरच प्लेट कापली जात असते. स्टोमा पुन्हा मोजून त्याच्या कडेपासून 2 ते 3 मिलिमीटरच जागा राहील असे भोक कापावे. फुगवट्यावर ताठ प्लेट बसत नाही, म्हणून मऊ, वाकणारी प्लेट घ्यावी. तशी मिळत नसेल तर प्लेटच्या बाहेरच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर लहान चिरा द्याव्यात, म्हणजे ती पाकळ्यांसारखी फुगवट्यावर टेकते; चिरा आतल्या भोकापर्यंत जाऊ देऊ नयेत. मध्यभागी उंचवटा असलेली कडक प्लेट पूर्वी कोणी दिली असेल, तर हर्निया झाल्यावर ती स्टोमा परिचारिकेला दाखवल्याशिवाय पुढे चालू ठेवू नये. फुगवट्यामुळे सासऱ्यांना स्वतःचा स्टोमा वरून दिसत नसेल. त्यांना एक हातआरसा द्या. तो नसला की माणूस अंदाजाने प्लेट लावतो आणि खालच्या बाजूची सुरकुती तशीच राहते. आणखी एक गोष्ट निक्षून सांगते: गळती थांबवण्यासाठी पट्टा आवळू नये. आवळल्याने मल प्लेटखाली आणखी पसरतो. कातडी जळजळली तर त्याच वेळी प्लेट काढून, कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून नवी लावावी.

आता बांधण्याची पद्धत. सकाळी काही खाण्याआधी स्टोमा शांत असतो, ती वेळ चांगली. पिशवी रिकामी करावी, त्या दिवशी प्लेट बदलायची असेल तर बदलून तळहाताच्या उबेने मिनिटभर दाबून धरावी आणि अर्धा तास जाऊ द्यावा. मग सासऱ्यांनी उताणे झोपावे, पण बाजेवर नको. आपल्याकडच्या बाजा मध्ये झोळतात, त्यामुळे कंबर खाली जाते, पोट दुमडते आणि फुगवटा पूर्ण आत जात नाही. सतरंजी टाकून जमिनीवर किंवा सपाट दिवाणावर झोपावे, पट्टा आधीच कमरेखाली पसरून ठेवावा, डोक्याखाली पातळ उशी घ्यावी आणि गुडघे उभे करावेत. असे दहा-पंधरा मिनिटे पडून राहिल्यावर फुगवटा आपोआप बसू लागतो. थोडा उरला तर तळहात सपाट ठेवून हलकेच आधार द्यावा. बोटांनी आत ढकलू नये आणि दुखत असताना तर मुळीच नाही.

फुगवटा बसला की पिशवी गुंडाळून भोकातून बाहेर घ्यावी. दोन भागांची असेल तर पिशवी काढून, स्टोमावर गॉजचा तुकडा ठेवून, कडे भोकातून वर घ्यावे आणि मग पिशवी पुन्हा बसवावी. पिशवीला पीळ पडलेला नाही आणि प्लेटची कुठलीही कड दुमडलेली नाही, हे बोट फिरवून पाहावे. त्यानंतर पट्ट्याची दोन्ही टोके एकाच वेळी सारख्या ताणाने ओढून स्टोमापासून दूर, म्हणजे सासऱ्यांच्या बाबतीत उजव्या बाजूला, वेल्क्रो लावावे. एक टोक धरून दुसरे ओढले की भोक मध्यापासून सरकते आणि मग दिवसभर ओढाताण चालते. खालची कड नीट टेकलेली हवी आणि वरची थोडी मोकळी, म्हणजे पोट खालून उचलले जाते आणि जेवायला, श्वास घ्यायला जागा राहते. हाताचा पंजा सपाट करून पट्ट्याखाली सरकवता आला पाहिजे आणि खोल श्वास घेताना अडथळा वाटता कामा नये. त्यांनी 'मानेवर जू ठेवल्यासारखं वाटतं' असे म्हटल्याचे आपण लिहिले आहे. ही तक्रार ताण जास्त असल्याची खूण आहे आणि ती मनावर घ्यावी. शेवटी एकदम उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, हाताचा टेका घ्यावा आणि मग उठावे, नाही तर बसवलेला फुगवटा पहिल्याच क्षणी पुन्हा बाहेर येतो.

पहिल्याच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत पट्टा ठेवण्याचा आग्रह धरू नका. दोन-तीन तासांपासून सुरुवात करावी आणि दर दिवसाला थोडे वाढवत न्यावे. काम, चालणे, मोटारसायकल, एसटीचा प्रवास या वेळी पट्टा हवा; दुपारी आडवे झाले की आणि रात्री झोपताना तो काढावा. मधल्या वेळी काढून उभ्याउभ्या पुन्हा बांधला तर सकाळची सगळी मेहनत वाया जाते, त्यासाठी पुन्हा आडवेच व्हावे लागते. जेवणानंतर पोट भरलेले असताना वेल्क्रो थोडे सैल केले तर चालते. दर वेळी पट्टा काढल्यावर कातडी पाहावी. साधा लाल वळ अर्ध्या तासात फिका पडतो. तो तसाच राहिला, फोड आला किंवा कातडी सोलवटली, तर ती बरी होईपर्यंत पट्टा बंद ठेवून माप पुन्हा तपासावे लागते.

घामाचा त्रास आपल्या भागात खरा आहे. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या पुढे जातो तेव्हा इलॅस्टिकखाली कातडी उकडून निघते आणि ऑक्टोबरच्या उन्हातही काढणीच्या वेळी फार वेगळी स्थिती नसते. सुती, पातळ, बिनबाह्यांची जुनी बनियन घेऊन तिला कड्याच्या मापाचे गोल भोक पाडावे, कड दुमडून शिवून घ्यावी आणि ती पट्ट्याखाली घालावी. शिवण बाहेरच्या अंगाला असावी. दुपारी ती बदलता येईल, अशा दोन-तीन बनियन तयार ठेवाव्यात. पावडर पट्ट्याच्या भागात अगदी थोडी चालते, पण प्लेटच्या जागेवर तिचा कण गेला तरी प्लेट चिकटत नाही. म्हणून मी ती टाळायलाच सांगते. पट्टेही शक्यतो दोन असावेत, एक अंगावर आणि एक वाळत. वेल्क्रो बंद करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावे, पिळू नये, सावलीत वाळवावे. उन्हात तारेवर टाकलेले आणि इस्त्री केलेले इलॅस्टिक लवकर मरते. वेल्क्रोत अडकलेले धागे आणि केस दातांच्या जुन्या ब्रशने काढले की ते पुन्हा धरते. धुऊन वाळलेला पट्टाही ताणल्यावर परत आकसत नसेल, तर तो बदलायला झाला.

भोकाच्या पट्ट्यातही घट्ट शौच कधी कधी पिशवीच्या तोंडाशीच साचून राहतो, कारण पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. पिशवी लावण्यापूर्वी आत थोडी हवा भरावी, टिश्यू पेपरचा हलका चुरगळलेला तुकडा ठेवावा, गॅस जाण्याच्या छिद्रावर सोबत आलेली चिकटपट्टी लावावी आणि आतल्या बाजूला पिशवीसाठीच्या वंगणाचे काही थेंब सोडावेत. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. भरलेली पिशवी स्वतःच्या वजनाने प्लेट ओढते. मात्र त्यासाठी उकिडवे बसू नये. उकिडवे बसले की पोटावर सर्वांत जास्त दाब येतो आणि पट्टाही तेव्हाच गोळा होतो, म्हणून न्हाणीघरात एक उंच स्टूल ठेवावे. जेवायलाही मांडी घालून न बसता खुर्ची किंवा निदान उंच पाट घ्यावा. पंगतीत बसण्याचा आग्रह झाला तर त्यांनी संकोच न करता नकार द्यावा. कपड्यांचे म्हणाल तर पायजम्याची नाडी किंवा धोतराची गाठ पट्ट्याच्या भोकावर येऊ देऊ नका, ती पट्ट्याच्या खालच्या कडेखाली असावी. जालन्याकडच्या एका बाईंना याच कारणाने त्रास होत असे: पट्टा नीट होता, पण नऊवारीच्या निऱ्यांचा केळ त्या बरोबर कड्यावर खोचत. त्यांनी तो दोन बोटे खाली घेतला आणि गळती थांबली.

शेतात जाण्याबद्दल आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगते. पट्टा घालून शेतावर जाणे, राखण करणे, मजुरांवर लक्ष ठेवणे, हलकी आवराआवर करणे चालेल. सोयाबीनचे कट्टे उचलणे, भरलेला फवारणीचा पंप पाठीवर घेणे, थ्रेशरमध्ये पेंढ्या टाकणे पट्ट्यासकटही नको. भरलेल्या पंपाचे वजन 20 किलोच्या आसपास जाते, शिवाय त्याचा पट्टाही कमरेशीच आवळला जातो. 'पट्टा आहे, आता काही होत नाही' हा विश्वास मला पट्टा नसण्याइतकाच घातक वाटतो. खोकला किंवा शिंक आली तर पट्टा असला तरी फुगवट्यावर तळहात दाबून धरावा. बिडी-तंबाखूमुळे खोकला असेल तर तो आटोक्यात आणल्याशिवाय कोणत्याही पट्ट्याचा पुरता उपयोग होणार नाही. बद्धकोष्ठतेचेही तसेच आहे. कोलोस्टोमी असताना ज्वारीची भाकरी, शिजवलेल्या पालेभाज्या, डाळी आणि पुरेसे पाणी चालते, पण शेंगदाणे, मक्याचे कणीस, सुके खोबरे नीट चावून आणि थोडेच खावे, कारण हर्नियात आतड्याला वळण पडलेले असते आणि न चावलेले पदार्थ तिथे अडकू शकतात.

काही वेळा पट्टा बांधायचाच नसतो. आडवे होऊनही फुगवटा आत जात नाही, तो कडक आणि दुखरा झाला आहे, स्टोमाचा नेहमीचा लालसर-गुलाबी रंग जांभळा किंवा काळपट दिसतो आहे, पोट फुगून शौच आणि गॅस दोन्ही थांबले आहेत, उलट्या होत आहेत, यांपैकी काहीही असले तर आतडे अडकल्याची शक्यता धरावी. पट्टा लगेच काढावा, तोंडाने काही देऊ नये, जुलाबाचे औषध तर मुळीच देऊ नये आणि सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्याला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ पडेल. स्टोमा नेहमीपेक्षा लांब बाहेर येऊ लागला असेल, तर ती तातडीची बाब नसली तरी त्यासाठी भोकावर झडप असलेला वेगळा पट्टा लागतो, म्हणून तसे असल्यास आधी सर्जनांना दाखवावे.

मापासाठी येणार असाल तर सकाळी, हलकी न्याहारी करून या. सध्या वापरता तो पट्टा, दोन न वापरलेल्या प्लेटा आणि पिशव्या त्यांच्या खोक्यासकट, प्लेट कापायचा कागदी नमुना आणि शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सोबत आणा. शक्य झाल्यास गळती झालेली एखादी प्लेट काढल्यावर तिच्या चिकट बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चिकट थर कोणत्या बाजूने विरघळला आहे ते दिसले की पट्टा कुठे दाबतो आहे हे बरेचसे कळते. पट्टा मात्र येताना बांधून आणू नका, इथे त्यांना आडवे करूनच तो बांधून पाहू.